पट्टी किती वर्षं बदलायची?



घोट्याच्या आतल्या बाजूला जखम आहे, तिला दोन महिने उलटून गेलेत आणि घरचे विचारतात, “सिस्टर, कुठलं मलम लावायचं?” राजारामपुरीत आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. मलमाचं नंतर बघू, आधी पायाची शीर तपासून घ्या. हे ऐकून बहुतेकजण हिरमुसतात. त्यांना जखम दिसत असते, शीर दिसत नसते. शिवाय मलम चाळीस रुपयांत येतं आणि तपासणी म्हटलं की कामाचा खाडा आलाच.

मला या पानावर जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. शिरांच्या दोषामुळे झालेली पायाची जुनी जखम वर्षानुवर्षं नुसतं ड्रेसिंग करत सांभाळणं हा अर्धा उपचार आहे. आणि हा अर्धा उपचार आपल्या लोकांच्या वाट्याला फार येतो. ज्याच्याकडे पैसा आहे, त्याची शीर महिन्याभरात तपासली जाते, जरूर असेल तर ऑपरेशन होतं, आणि तो कामाला लागतो. आपली मावशी मात्र दर दोन दिवसांनी पट्टी बदलून घेते आणि म्हणते, माझी जखम अश्वत्थाम्याची आहे, ती बरी व्हायची नाही. आपण शाप मानणारी माणसं नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कारण शोधायला शिकवलं. मग या जखमेचंही कारण शोधू.

हृदयातून निघालेलं रक्त धमन्यांमधून पायापर्यंत सहज उतरतं. परत वर चढताना मात्र त्याला घोट्यापासून छातीपर्यंतचा चढ असतो. हा चढ ते दोन गोष्टींच्या जोरावर चढतं. एक म्हणजे पोटरीचे स्नायू. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि आतल्या खोल शिरांमधलं रक्त पंपासारखं वर ढकललं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे शिरांमधल्या झडपा. विहिरीच्या मोटारीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो, वर चढलेलं पाणी तो परत खाली येऊ देत नाही. शिरांमध्ये असे लहान लहान व्हॉल्व्ह ठिकठिकाणी असतात. माणूस नुसता उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी माणूस चालायला लागला की तो ३० च्या खाली येतो. झडपा निकामी झालेल्या माणसाचा दाब चालतानाही उतरत नाही. दिवसभर, वर्षानुवर्षं, घोट्याभोवतीची कातडी त्या दाबाखाली राहते.

मग काय होतं ते आपण सगळ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या पायावर पाहिलेलं आहे. आधी संध्याकाळी पाय सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. पोटरीवर निळ्या-हिरव्या शिरा फुगून गांडुळासारख्या वळवळ्या दिसतात. मग घोट्याच्या वरची कातडी काळपट तपकिरी पडते. शिरेतून बाहेर झिरपलेल्या रक्तातलं लोह तिथे साठतं, त्याचा तो रंग. त्यानंतर खाज सुटते, खाजवून पाणी येतं, कातडी लाकडासारखी कडक होते. अशा कातडीला दरवाजाचा कोपरा लागायचा अवकाश, की जखम होते. घरातल्या दुसऱ्या कुणाला तेवढंच लागलं असतं तर आठ दिवसांत खपली धरली असती. इथे ती वाढत जाते. वरून लावलेलं मलम आतला दाब कमी करू शकत नाही. नळ वाहता ठेवून फरशी पुसत बसावं, तसं ते ड्रेसिंग चालू राहतं.

पायाच्या सगळ्याच जुन्या जखमा शिरांच्या नसतात, हेही सांगायला हवं. मधुमेहाची जखम बहुधा तळव्याला किंवा बोटांना होते आणि दुखत नाही. धमनी अरुंद झाल्याची जखम बोटांच्या टोकांना होते, फार दुखते, पाय गार पडतो, आणि बिडी ओढणाऱ्यांमध्ये ती जास्त दिसते. कुष्ठरोगामुळे बधीर झालेल्या पायाला जखम होते. पण घोट्याच्या आतल्या बाजूची, उथळ, पसरट, कडा वाकड्यातिकड्या असलेली, भोवती काळी कातडी असलेली आणि सतत पाणी गळणारी जखम दिसली, तर पहिला संशय शिरांवर घ्यायचा. एकाच माणसाला दोन कारणं असू शकतात. म्हणूनच नुसतं बघून भागत नाही, तपासावं लागतं.

आता हे दुखणं कुणाला होतं ते बघा. घराण्यात असेल तर होतं, वजन वाढलं तर होतं, बाळंतपणं जास्त झाली तर होतं. बाळंतपणानंतर किंवा हाड मोडून पडून राहिल्यावर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर काही वर्षांनी त्या पायाला होतं. श्रीमंत-गरीब असा भेद शीर करत नाही. पण तासन् तास एका जागी उभं राहण्याचं काम ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांच्या पायावर दुखणं लवकर चढतं आणि लवकर फुटतं. खानावळीत आणि मंगल कार्यालयात चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बायका. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतले कामगार. केशकर्तनालयातले कारागीर. कापड दुकानातल्या विक्रेत्या मुली. झाडूवाल्या बायका चालत तरी असतात, पण त्यांच्या पायाला घाण पाण्यात उभं राहणं चुकत नाही, आणि तिथे छोट्या जखमेची मोठी होते. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी उभी केलेली शाहू मिल आता बंद आहे. पण त्या साच्यांपुढे पाळ्या काढलेल्या जुन्या कामगारांचे काळवंडलेले घोटे मी अजूनही बघते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखातं सांभाळत होते, तेव्हा १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्यानंतरच्या १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलम ४४ होतं. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं, अशी सोय मालकाने केली पाहिजे, असं ते कलम सांगत होतं. दुकानात काम करणाऱ्यांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात घातला. त्यासाठी तिथल्या विक्रेत्या बायका रस्त्यावर आल्या होत्या. आपल्याकडे काय आहे ते बघायचं असेल तर एखाद्या संध्याकाळी राजारामपुरीच्या मुख्य रस्त्याने फिरा आणि किती दुकानांत काउंटरच्या आत स्टूल ठेवलंय ते मोजा. मी मोजून पाहिलंय. हाताची बोटं पुरली.

दुखणं झाल्यावर आपली मावशी काय करते? आधी हळद. मग जांभळं औषध. मग कुणीतरी सांगितलेला पाला. मग गल्लीतल्या दवाखान्यात ड्रेसिंग आणि गोळ्यांचा कोर्स. एका ड्रेसिंगचे दीडशे रुपये धरले आणि आठवड्यातून दोनदा केलं, तर वर्षाचे पंधरा हजारांवर जातात, आणि त्यात रिक्षा आणि बुडालेली मजुरी धरलेली नाही. मी ज्या सर्जिकल वॉर्डात होते तिथे अकरा वर्षांची जखम घेऊन आलेली एक स्वयंपाकीण बघितली. अकरा वर्षांत तिने तीन दवाखाने बदलले होते. शहराचं नाव झालेल्या एका खासगी रुग्णालयात दोनदा मांडीची कातडी काढून जखमेवर बसवली होती. दोन्ही वेळा ती धरली आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत निघाली. तिच्या कागदांच्या पिशवीत अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या होत्या, रक्त-लघवीचे रिपोर्ट होते. पायाच्या शिरांचा डॉप्लर मात्र एकदाही केलेला नव्हता. अकरा वर्षांत एकदाही नाही. शेवटी तो झाला, मांडीतली मुख्य शीर खराब निघाली, तिचं ऑपरेशन झालं, आणि जखम साडेतीन महिन्यांत भरली.

आता ऑपरेशनविषयी. कारण भीती तिथेच आहे. “पाय कापत्यात व्हय?” असं मला एका आजोबांनी विचारलं होतं. नाही, पाय कापत नाहीत. दुसरा नेहमीचा प्रश्न जास्त शहाणपणाचा आहे. शीर काढली तर रक्त जाणार कुठून? पायातलं दहातलं नऊ हिस्से रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातं. कातडीखालची जी शीर खराब झालेली असते, ती रक्त वर नेण्याऐवजी खाली सोडत असते. तो गळका मार्ग बंद केला की रक्त चांगल्या मार्गाने जायला लागतं.

हे बंद करण्याचं जुनं ऑपरेशन त्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनच्या नावाने ओळखलं जातं. १८९० च्या आसपास त्याने ते मांडलं. आज त्याचं सुधारलेलं रूप असं आहे की कमरेत भूल देऊन जांघेत छोटा छेद घेतात, वरची शीर खोल शिरेला जिथे मिळते तिथे बांधतात आणि मांडीतली खराब शीर ओढून काढतात. पोटरीतल्या ज्या जोडशिरांमधून आतलं रक्त बाहेर येतं त्याही गरजेप्रमाणे बांधतात. अनुभवी जनरल सर्जनला हे ऑपरेशन नवं नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत दुसरी पद्धत आली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत शिरेत बारीक तार घालतात आणि लेसरच्या किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने शीर आतून चिकटवून टाकतात. पायाला तेवढ्यापुरती भूल पुरते, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. तिसरी पद्धत फेसाच्या इंजेक्शनची. औषधाचा फेस करून शिरेत सोडला की ती आकसून बंद होते. सगळ्यांचं काम एकच आहे, उलटा वाहणारा मार्ग बंद करणं.

याचा खरोखर उपयोग किती, हे इंग्लंडमध्ये नीट मोजून पाहिलेलं आहे. एका अभ्यासात ५०० रुग्ण घेतले. निम्म्यांना नुसती दाबपट्टी, निम्म्यांना दाबपट्टी आणि शिरेचं ऑपरेशन. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहा महिन्यांत जखम भरण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं, शंभरात ६५. म्हणजे नीट बांधलेल्या दाबपट्टीला कमी लेखायचं कारण नाही. फरक पुढे दिसला. वर्षभरात जखम परत उघडली ती नुसत्या पट्टीवाल्यांपैकी शंभरात २८ जणांची आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी १२ जणांची. चार वर्षांनी तेच आकडे ५६ आणि ३१ होते. मग दुसऱ्या अभ्यासात ४५० रुग्णांना घेऊन प्रश्न विचारला गेला की शीर कधी बंद करावी, लगेच की जखम भरल्यावर? त्याचं उत्तर २०१८ मध्ये आलं. दोन आठवड्यांच्या आत उष्णतेने किंवा फेसाने शीर बंद केली, त्यांची जखम भरायला साधारण ५६ दिवस लागले. ज्यांना थांबवून ठेवलं, त्यांना ८२ दिवस. ५६ आणि ८२ मधला फरक कागदावर लहान दिसतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला विचारा, सव्वीस दिवस म्हणजे काय ते.

तिकडच्या आरोग्य खात्याला सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने तर २०१३ मध्येच सांगितलं होतं की गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर रुग्णाला शिरांच्या तज्ज्ञाकडे पाठवा. दोन आठवडे! आपल्याकडे दोन वर्षांनी पाठवलं तरी लवकर पाठवलं म्हणायची पाळी आहे.

ऑपरेशन सगळ्यांनाच लागू पडत नाही. खोल शीर गुठळीने बंद असेल तर वरच्या शिरा हाच रक्ताचा उरलेला रस्ता असतो. तो बंद केला तर पाय आणखी बिघडतो. धमनीचा प्रवाह कमी असेल तर आधी त्याचा इलाज लागतो. म्हणून ऑपरेशनआधी रंगीत डॉप्लर सोनोग्राफी लागतेच, आणि ती शिरांची, रुग्णाला उभं करूनही पाहिलेली असावी. नुसत्या फुगलेल्या शिरा बघून लगेच तारीख देणाऱ्या दवाखान्यापासून जपून राहा. राजारामपुरीत आणि सगळ्या शहरातच ‘बिनटाका, बिनदुखणं, एका तासात घरी’ असे फलक दिसतात. ती पद्धत खोटी नाही, पण फलकावर डॉप्लरचा उल्लेख नसतो, नंतर महिनोन् महिने मोजे घालायचे असतात त्याचा नसतो, आणि बिलाचा तर नसतोच. जुनं ऑपरेशनही चांगलं ऑपरेशन आहे. लेसर परवडत नाही म्हणून काहीच न करणं, यासारखं नुकसान नाही.

आणखी एक. दहा-वीस वर्षं जुन्या जखमेत कधी कधी कॅन्सर होतो. कडा वर उचललेली, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढणारी, सहज रक्त येणारी किंवा उपचार नीट चालू असूनही न हलणारी जखम असेल, तर तिचा तुकडा काढून तपासायला सांगा. डॉक्टर बोलले नाहीत तर तुम्ही विचारा.

दाबपट्टीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ऑपरेशन होवो न होवो, ती लागतेच, आणि शंभरातल्या नव्वद घरांत ती चुकीची बांधलेली असते. घोट्याभोवती दोन वेढे आणि वर सेफ्टी पिन, ही दाबपट्टी नव्हे. पट्टी पायाच्या बोटांच्या मुळापासून सुरू करायची, टाच झाकायची, प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकायचा आणि गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबायचं. ताण घोट्याशी सगळ्यात जास्त, वर जाता जाता कमी. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी बांधायची, कारण उठल्यावर सूज उतरते ती थेट घोट्यात. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, दुखणं वाढलं तर लगेच सोडायची. आणि बांधण्याआधी कुणीतरी जाणकाराने पावलावरची नाडी तपासलेली असली पाहिजे. धमनी खराब असलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधली तर पाय गमवायची वेळ येते. मधुमेह्यांनी तर स्वतःच्या मनाने बांधूच नये. महागडी चार थरांची पट्टी परवडत नसेल तर झिंक ऑक्साइडची ओली पट्टी आहे. उन्ना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात ती काढली, आठवडाभर पायावर राहते आणि स्वस्तात होते. ज्या सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये ती बांधता येणारी एक सिस्टर असते, तिथल्या जखमा भरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला एमबीबीएस लागत नाही, शिकवणारा लागतो आणि वेळ लागतो.

बाकी घरी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. चालायचं, पण एका जागी उभं राहायचं नाही. बसल्यावर पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. झोपताना खाटेच्या पायाखाली दोन विटा घालून पायाची बाजू उंच करायची. जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची. हळद, जांभळं औषध, चुना, तंबाखू काही लावायचं नाही. गोळ्यांचा कोर्स जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप असेल तेव्हाच, डॉक्टरांनी सांगितला तरच. आणि फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर घाबरून धावाधाव करू नका. जमिनीवर आडवं व्हा, पाय भिंतीला टेकवून उंच करा, स्वच्छ फडक्याने नेमक्या जागी दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा आणि मग दवाखाना गाठा. वर दोरी आवळून बांधू नका. त्याने रक्त वाढतं.

आता वासाबद्दल बोलते. याविषयी कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते निम्मी माणसं दवाखान्यात उशिरा येतात ती याच्यामुळे. जखमेतून पाणी गळतं, कापड भिजतं, वास येतो. सून जेवणाचं ताट लांबून सरकवते. नातवंडं जवळ येत नाहीत. माणूस विहारात वंदनेला यायचा बंद होतो, आला तर दाराशी चपलांजवळ बसतो. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या लांब बसवल्याचं दुःख भोगलं, त्या समाजाच्या विहारात एखादी आजी आपल्या पायाच्या वासापायी लांब बसते, हे मला सहन होत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स या भिक्खूची कथा आहे. नावातच दुर्गंधी आहे. श्रावस्तीतल्या या भिक्खूच्या अंगभर फोड उठून फुटले होते, चीवर पू-रक्ताने भिजलं होतं, आणि सोबतच्या भिक्खूंनी त्याला टाकून दिलं होतं. बुद्ध स्वतः अग्निशाळेत गेले, पाणी तापवलं, त्याला न्हाऊ घातलं, त्याची चीवरं धुऊन वाळवली. अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची अशीच घटना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मुद्दाम घेतली आहे. त्या कथा आपण वर्षावासात ऐकतो आणि साधू साधू साधू म्हणून घरी जातो. तिस्स वाचला नाही. त्याचं दुखणं वेगळं होतं, आणि त्या काळी धुण्यापुसण्यापलीकडे त्यावर काही करता येत नव्हतं. आपल्या आजीच्या पायावर मात्र आज इलाज आहे, आणि तो या शहरात आहे.

तो कुठे? आपल्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. सर्जरी विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढा आणि डॉक्टरांना तोंडाने सांगा की जखम किती दिवसांची आहे, आधी किती वेळा भरून परत उघडली आहे आणि शिरांचा डॉप्लर झालेला नाही. “ड्रेसिंग करून घ्या” एवढं लिहून दिलं तर अदबीने विचारा, साहेब, शीर कधी तपासायची? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ठरलं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा आणि व्हेरिकोज व्हेन्सच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज कुठल्या दवाखान्यात चालू आहे, हे नाव घेऊन विचारा. मोघम विचारलं तर मोघम उत्तर मिळतं.

पण सगळा भार रुग्णावर टाकून मी मोकळी होणार नाही. योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. आठवड्याला लागणारी पट्टी, वर्षाला दोनदा बदलावे लागणारे दाबमोजे, हे बाहेरूनच घ्यावे लागतात. ऑपरेशन फुकट आणि मोजे स्वतःच्या पैशाने, यात मोजे राहून जातात आणि जखम परत उघडते. हा कुठला हिशेब? म्हणून माझ्या मागण्या आहेत. सीपीआरमध्ये आठवड्यातला एक दिवस पायाच्या जुन्या जखमांसाठी ठेवावा, जिथे सर्जन, डॉप्लर आणि पट्टी बांधणारी सिस्टर एकाच सकाळी भेटतील. तीन खिडक्यांसाठी तीन खाडे पडले की माणूस चौथ्यांदा येत नाही. महापालिकेच्या सावित्रीबाई फुले रुग्णालयाने आणि वॉर्डातल्या दवाखान्यांनी दोन आठवड्यांपेक्षा जुनी घोट्याची जखम दिसली की चिठ्ठी देऊन पुढे पाठवावं. दाबपट्टी आणि मोजे सरकारी औषधांच्या यादीतून मोफत मिळावेत. आणि नर्सिंगच्या पोरींना दाबपट्टी बांधायला हाताला धरून शिकवावं. आमच्या वेळी ते पुस्तकातल्या आकृतीवर उरकलं होतं.

काहीजण म्हणतील, कॅन्सर आहे, डायलिसिस आहे, त्यापुढे पायाच्या जखमेचं काय घेऊन बसलात? या जखमेने माणूस सहसा मरत नाही, हे खरं आहे. म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही. पण चाळिशीतली बाई काम सोडून घरी बसते, तिच्या जागी थोरल्या मुलीची शाळा सुटते आणि ती धुण्याभांड्याला लागते. राजारामपुरीतल्या कुठल्याही वस्तीत विचारा, अशी घरं सापडतील.

येत्या वर्षावासात आपापल्या विहारात एक रविवार सकाळ पाय बघायला ठेवू या. तिथे निदान करायचं नाही, औषध वाटायचं नाही. ज्यांना जखम आहे, ज्यांचे घोटे काळे पडलेत, त्यांची यादी करायची आणि दोन-दोन कार्यकर्त्यांनी त्यांना घेऊन सीपीआरची ओपीडी गाठायची. मागण्यांचं निवेदन त्याच यादीसोबत अधिष्ठाता आणि महापालिका आयुक्तांना द्यायचं. यादी नसलेलं निवेदन फायलीत जातं. येताना सैल कपडे घालून या, जुने सगळे कागद पिशवीत आणा, पायाला बांधलेलं फडकं लाजून घरी सोडून येऊ नका. ते सोडायला आम्ही आहोत.